कापलेला जिना

शिवणमास्तरांना मत्सर करायला कुणी शिकवलं नव्हतं. कुणाचा गळा उपजत गोड असतो, कुणाला गणित येतं, तसा मास्तरांना मत्सर येत असे. समोरच्या दुकानाला नवी पाटी लागली की मास्तरांचं पोट दुखे. शेजाऱ्याच्या मुलीला शाळेत बक्षीस मिळालं की ते दोन दिवस जेवताना गप्प असत. त्यांची बायको म्हणायची, यांच्या पोटात औषध जातं कुठे कोण जाणे, दुखणं काही कमी होत नाही.

पण या झाल्या किरकोळ गोष्टी. मास्तरांचा खरा, ठेवणीतला मत्सर होता तो नटांबद्दलचा. तीस वर्षं ते हौशी नाटकमंडळीत काम करत होते. दिवसभर पायमशीन चालवायची आणि संध्याकाळी तालमीला जायचं. त्यांनी हवालदार केला, दुसरा वकील केला, नवऱ्यामुलाचा काका केला. एकदा तर पडदा वर जातो तेव्हा कोचावर पडलेलं प्रेत केलं आणि पाऊण अंक शिंक दाबून धरली. दर नाटकाचं परीक्षण पेपरात येई आणि दर परीक्षणाच्या शेवटी तेच वाक्य असे, इतरांनी योग्य साथ दिली. मास्तर तीस वर्षं त्या इतरांत मुक्कामाला होते. कुणीतरी एकदा, फक्त एकदा, आपल्याला नट म्हणावं एवढीच त्यांची इच्छा होती. शिंपी सगळेच म्हणत. उत्तम शिंपी असंही म्हणत, आणि मास्तरांना त्याचाच राग येई.

अशात त्यांच्या दुकानात सिनेमावाल्या बाई आल्या. वय तिशीचं, केस कापलेले, गळ्यात दोन चष्मे. त्यांनी गावाबाहेरचा एक रिकामा बंगला भाड्यानं घेतला होता आणि तिथे त्या चित्रपट काढत होत्या. कसला, तर खोटा माहितीपट. म्हणजे एका गावात एक मुखवटेवाला माणसं कापत सुटलाय आणि काही जण कॅमेरा घेऊन त्याच्यावर माहितीपट करायला आलेत, असं सोंग. गावकऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या, कॅमेरा मुद्दाम हलता ठेवायचा, मध्येच एखादा खून दाखवायचा आणि पुन्हा मुलाखती. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे खरंच घडलंय. बाईंना खुन्यासाठी गादीच्या पट्टेरी कापडाचा मुखवटा शिवून हवा होता.

मास्तरांनी तो स्वतःच्या डोक्याच्या मापानं शिवला, दुसरं डोकं हाताशी नव्हतं म्हणून. बाई न्यायला आल्या तेव्हा बसतो कसा ते दाखवायला त्यांनी तो घातला आणि कापायच्या टेबलापासून दारापर्यंत चालून दाखवलं. हातात सवयीनं मोठी कात्री होती. बाई म्हणाल्या, पुन्हा चाला. मास्तर पुन्हा चालले. आयुष्यभर पायमशीन चालवून त्यांचा उजवा पाय जड झाला होता, तो त्यांनी मुद्दाम अर्धा क्षण मागे ठेवला. एक पाऊल, मग कानोसा घेतल्यासारखं थांबणं, मग दुसरं. कापड मोजत निघाल्यासारखी ती चाल होती. बाईंनी तिथल्या तिथे खुन्याचं काम मास्तरांना दिलं आणि हत्यार म्हणून ती कात्रीही ठरवून टाकली.

आता यात एक मेख होती. अख्ख्या चित्रपटात मास्तरांचा चेहरा कुठे दिसणार नव्हता. मास्तरांना ते पहिल्या दिवसापासून कळत होतं आणि पहिल्या दिवसापासून ते स्वतःची समजूत घालत होते, की नट तोंडानं नसतो, अंगानं असतो. शिवाय शेवटाचं अजून ठरायचं होतं. मुखवटा शेवटी काढायचा की नाही हे बाई लोकांना विचारून ठरवणार होत्या. काढला, तर आत मास्तरच असणार. दुसरं कोण असेल? सहा खून कुणी केले?

ते सहा खून त्यांनी जीव ओतून केले. त्यांतला त्यांचा लाडका प्रसंग जिन्यावरचा. खुनी सतरा पायऱ्या उतरून खाली येतो, खाली सावज कोपऱ्यात लपलेलं, आणि नवव्या पायरीवर तो थांबतो. भिंतीवरची तसबीर जराशी वाकडी असते, ती बोटानं सरळ करतो, आणि पुढे उतरू लागतो. तसबिरीची कल्पना मास्तरांची. चित्रण संपल्यावर बाईंनी टाळ्या वाजवल्या, कॅमेरावाल्यानं वाजवल्या, आवाजवाल्यानंही कानावरचं यंत्र काढून वाजवल्या. त्या टाळ्या मास्तरांनी घरी बायकोला तीनदा ऐकवल्या.

आणि त्याच दिवशी, त्याच बंगल्यात, त्यांचा साडू होता.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. धंद्यानं प्लंबर. फताडे पाय, तोंडात चार शब्द, आणि सासरी मास्तरांपेक्षा काकणभर जास्त मान, कारण सासूबाईंचं न्हाणीघर त्यानं एकदा दुपारच्या दोन तासांत दुरुस्त केलं होतं. मास्तर त्याला पहिल्यापासून पाण्यात पाहत. त्या दिवशी तो बंगल्यावरची गळकी टाकी बघायला आला होता आणि जिन्याचं चित्रण हातात पाना घेऊन न्हाणीघराच्या दारातून बघत उभा होता. पुढच्या दृश्याचे दिवे लावायला वेळ लागत होता, बाईंना रिकामं बसवेना, म्हणून त्यांनी कॅमेरा स्वयंपाकघरात वळवला. साडू तिथल्या मोरीखाली, म्हणजे बेसिनखाली, उताणा पडून काम करत होता. बाईंनी विचारलं, या गावात खून होतायत, तुम्हाला भीती वाटत नाही?

साडूनं डोकं बाहेर काढलं. तो म्हणाला, मी रोज लोकांच्या घरात जातो, कुणाकडे काय तुंबलंय ते मला ठाऊक असतं. मग थोडा विचार करून म्हणाला, "रक्त काय, पाण्याबरोबर जातं. सांध्यात मात्र राहतं. पाईप उघडला की कळतं." आणि डोकं परत मोरीखाली घातलं. एवढंच. सगळं मिळून चार मिनिटांचं काम. तालीम नाही, रंग नाही, काही नाही.

चित्रपट जोडून झाल्यावर बाईंनी गावातल्या थिएटरात रविवारी सकाळी दहाचा एक खेळ ठेवला, निमंत्रितांसाठी. सत्तरएक माणसं आली. प्रत्येकाला एक कार्ड दिलं होतं आणि त्यावर तीन प्रश्न होते. कोणतं पात्र लक्षात राहिलं, काय आवडलं नाही, आणि शेवटी मुखवटा काढावा का, काढला तर आत कोण असावं. कार्डं गोळा करायची पिशवीही मास्तरांनीच शिवली होती, नाडीची.

मास्तरांनी त्या दिवशी चित्रपट बघितला नाही. ते पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले आणि मान मागे वळवून दीड तास लोकांची तोंडं बघत राहिले. मुखवट्यातला माणूस त्यांच्या ओळखीचा होता, त्याला काय बघायचं. कोण दचकतं, कोण श्वास रोखतं, कोण बायकोचा हात धरतं, हे त्यांना बघायचं होतं. पाऊण तासानंतर एकदम सगळं थिएटर किंचाळलं, एक बाई तर खुर्चीतून उठली. मास्तरांनी मनात म्हटलं, नववी पायरी. त्यांचे डोळे भरून आले. पण नंतर लोक हसू लागले, खुशीत हसू लागले, आणि ते हसणं कशाला हे मास्तरांना कळेना. त्यांनी पडद्याकडे मान वळवली तर तिथे साडू, हात फडक्याला पुसत.

बाईंची एक रीत होती. लोकांची मतं त्या एकट्यानं कधी वाचत नसत. सगळ्या मंडळींना बसवायचं आणि मोठ्यानं वाचायची, म्हणजे कुणाला आपल्यापुरतं गोड वेचता येत नाही. पण दोन दिवस त्यांना कामासाठी बाहेर जायचं होतं, म्हणून कार्डांची पिशवी त्यांनी मास्तरांकडे सोपवली. मास्तरांच्या दुकानात कुलपाचं कपाट होतं. मंगळवारी दुपारी बंगल्यावर घेऊन या, म्हणाल्या.

पिशवी मास्तरांकडे आली आणि मास्तरांची झोप गेली. सोमवारी दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं, बायको खिडकीशी बसून काजं करत होती, तेव्हा त्यांनी कपाट उघडलं. नाडी सोडली. कापायच्या टेबलावर कार्डं पसरली आणि एकेक वाचायला घेतलं.

साडू. साडू. मोरीखालचा माणूस. प्लंबर. तो नळदुरुस्तीवाला, त्याचं नाव काय? एकीनं लिहिलं होतं, त्या प्लंबरला बघितल्यावर मी घरी जाऊन आधी आमच्या प्लंबरचा नंबर खोडून टाकणार. एकानं लिहिलं होतं, सगळे नट अभिनय करत होते, फक्त प्लंबर खरा होता. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, खराच आहे तो, प्लंबरच आहे, त्यात त्यानं केलं काय? उद्या वासरू उभं केलंत कॅमेऱ्यापुढे तर तेही खरं दिसेल. मास्तर हे मोठ्यानं बोलले. बायकोनं मान वर केली नाही.

तिसरा प्रश्न त्याहून वाईट. मुखवटा काढावा, असं बहुतेकांचं मत होतं, आणि आत कोण असावं, तर प्लंबर. पन्नासएक कार्डांवर तेच. एका निवृत्त कारकुनाची अक्षरं टपोरी होती. त्यानं कारणंही दिली होती, की ज्याला प्रत्येक घराचं दार उघडं तोच खुनी असणार, आणि तो इतका साधा दिसतो यातच सगळं आलं. मुखवट्यातल्या माणसाबद्दल सगळ्या गठ्ठ्यात मिळून एक ओळ होती. खुनी जरा लवकर चालला असता तर बरं झालं असतं.

सहा खून मी करायचे, घामानं मुखवटा भिजवायचा मी, आणि शेवटी मुखवटा निघाला की आतून हा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मास्तरांना रडूही येत होतं आणि कुणाला तरी चावावंसंही वाटत होतं.

पिशवीच्या तळाशी कोरी कार्डं उरली होती. मास्तरांनी नऊ घेतली. मग त्यांच्यातला जो नट तीस वर्षं बाहेर येऊ दिला गेला नव्हता तो त्या टेबलावर बाहेर आला. एक कार्ड त्यांनी कॉलेजच्या मुलाचं लिहिलं, एक सासुरवाशिणीचं, एक चिडक्या म्हाताऱ्याचं, ज्याला काहीच आवडत नाही पण खुन्याची चाल मात्र मान्य करावी लागते. दोन कार्डं डाव्या हातानं लिहिली. प्रत्येकाचं पेन वेगळं, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. गिऱ्हाइकांची मापं घेता घेता माणसं कळतात, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला. आणि नऊच्या नऊ माणसांना एकच प्रसंग विसरता येत नव्हता. जिन्यावर तो तसबीर सरळ करतो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. जिना उतरताना तो जे थांबतो, त्याला तोड नाही. माझी नणंद आता घरच्या पायऱ्यासुद्धा मोजत उतरणार. तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यांनी एकमुखानं उत्तर दिलं, मुखवटा काढावा आणि आत जो चालतो तोच असावा.

मास्तरांनी ती कार्डं गठ्ठ्यात जागोजाग सरकवली, नाडी ओढली आणि कपाटाला कुलूप लावलं. बायको काजं करतच होती. एक दोरा दातानं तोडून ती एवढंच म्हणाली की, आज काही शिवून झालेलं दिसत नाही.

मंगळवारी चार वाजता बंगल्याच्या दिवाणखान्यात सगळे बसले. बाई, कॅमेरावाला, आवाजवाला, मास्तर आणि त्यांची बायको. साडूलाही बाईंनी मुद्दाम बोलावलं होतं, तो बायकोला, म्हणजे मास्तरांच्या मेहुणीला, घेऊन आला होता आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता, अंगाला लागलेलं खुर्चीला लागू नये असा. चहा झाला आणि बाईंनी वाचायला सुरुवात केली.

लोक काय काय लिहितात. एकानं विचारलं होतं, हे खरं असेल तर तुम्ही पोलिसांत का गेला नाहीत. एकानं लिहिलं होतं, खून कमी आणि गप्पा फार, पैकी गप्पा ठेवा. एका शिक्षिकेनं शेवटच्या नावांच्या पाट्यांमधल्या चार चुका दुरुस्त करून दिल्या होत्या. कुणाला कॅमेरा हलल्यानं मळमळलं होतं. कुणी लिहिलं होतं, पाचव्या खुनापर्यंत मजा आली, सहावा काही जमला नाही. सगळे हसत होते. प्लंबरचं नाव आलं की मेहुणी लाजायची आणि साडू पायाकडे बघायचा. मास्तर वाट बघत होते.

मास्तरांचं पहिलं कार्ड आलं. बाईंनी वाचलं, जिन्यावर तो तसबीर सरळ करतो, आणि थांबल्या. त्यांनी कॅमेरावाल्याकडे पाहिलं. कॅमेरावाल्यानं खांदे उडवले. पुढची चारपाच कार्डं नेहमीची झाली आणि मग नणंदेचं आलं. मग डाव्या हाताचं. तिसऱ्या जिन्याला बाईंनी गठ्ठा मांडीवर ठेवला.

"जिना चित्रपटात नाहीच आहे," त्या म्हणाल्या. "दोन आठवड्यांपूर्वी कापला मी तो. उजेड जुळत नव्हता."

दीड तास मास्तरांनी लोकांची तोंडं बघितली आणि पडदा बघायचा राहिला. मग ती किंकाळी कसली? त्यांच्या तोंडून तसा प्रश्न गेलाही. आवाजवाल्यानं हौसेनं सांगितलं, अहो ती होय, प्लंबर मोरीखालून एकदम डोकं बाहेर काढतो ना, तिथे सगळे किंचाळले.

बाई गठ्ठा चाळत होत्या. जिन्याची कार्डं त्यांनी वेगळी काढली, नऊ भरली. त्या चिडल्या नव्हत्या, आणि त्यानंच मास्तरांना जास्त धडकी भरली. जिना झाला हे फक्त त्या दिवशी इथे असलेल्यांनाच माहीत, त्या शांतपणे म्हणाल्या, मग ही कुणी लिहिली? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मास्तरांनी असं करून ठेवलं होतं. बायको समोर बसली होती. तिनं मास्तरांकडे पाहिलं नाही, पदराच्या टोकाकडे पाहिलं.

"बघू," साडू म्हणाला.

त्यानं हात पुढे केला, नऊ कार्डं घेतली आणि एकेक करून बघू लागला. अक्षर वाचत नव्हता, कडा बघत होता. मास्तरांनाही तेव्हाच दिसलं. प्रत्येक कार्डाच्या कडेला, लिहिताना धरलं होतं तिथे, निळा डाग होता. कापडावर खुणा करायच्या खडूचा. टेबलावर खडू सांडलेला असतो, मास्तरांच्या बोटांना तो कायम असतो, इतका कायम की त्यांना तो दिसेनासा झाला होता. साडूनं अंगठ्यानं पहिली कड पुसली, मग दुसरी, नवव्यापर्यंत. निळा अंगठा त्यानं पँटला पुसला आणि कार्डं परत दिली.

"मी लिहिली," तो म्हणाला. "मला तो जिना फार आवडला होता. कापलात ते माहीत नव्हतं. रविवारी मी डोळे मिटून बसलो होतो, स्वतःला बघायची लाज वाटते."

खोलीतलं वातावरण एकदम बदललं. बाईंनी एक चष्मा काढला. मेहुणीनं नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू आजच लग्न झालंय. कॅमेरावाला म्हणाला, काय माणूस आहे, लोक त्याचं नाव घेतायत आणि हा बसून साडूची तारीफ लिहितोय. बाई म्हणाल्या, चूक आहे, असं करायचं नसतं, पण असं करणारा माणूस मला आधी भेटला नव्हता.

खरं तर मास्तर सुटले होते. मूग गिळून बसले असते तर चहाचा दुसरा कप घेऊन घरी जाता आलं असतं. साडूनं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, डाग पुसले होते, काही उरलं नव्हतं. पण सगळ्या खोलीचे डोळे साडूकडे लागले होते आणि त्या डोळ्यांत जे होतं ते मास्तरांच्या वाट्याला तीस वर्षांत आलं नव्हतं. चेहरा त्यानं घेतला, किंकाळी त्यानं घेतली, आणि आता माझं पापसुद्धा घेतो? ती नऊ माणसं मी घडवली होती. ती नणंद माझी होती. मास्तरांना ते सहन झालं नाही. खरेपणा वगैरे काही नाही, निव्वळ मत्सरानं ते उठून उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले. "ती कार्डं मी लिहिली. माझ्या हातानं."

झालं काय, की उभं राहिल्याबरोबर तीस वर्षांची सवय आड आली. आवाज बेंबीच्या देठापासून निघाला. डावा हात आपोआप छातीवर गेला. 'हातानं' म्हणताना शेवटचा सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा लांबला. आवाजवाल्यानं हसू दाबायला तोंडावर हात धरला.

बाई उठल्या आणि त्यांनी मास्तरांचा हात धरला, अगदी मायेनं. मास्तर, बसा, त्या म्हणाल्या, साडूला वाचवायला निघालात, कळतं मला. मास्तर म्हणाले, पेन आणा, मी लिहून दाखवतो. पेन आलं. मास्तरांनी तीनदा 'जिना' लिहिलं, आणि ते नवांपैकी एकाशीही जुळेना. नऊ स्वभावांची नऊ अक्षरं त्यांनी काढली होती, त्यांचं स्वतःचं त्यांत कुठे नव्हतंच. मग ते बायकोकडे वळले. तू सांग, तू होतीस दुकानात.

बायकोनं एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. तिला नवऱ्याची अब्रू हवी होती आणि ती समोर फुकट मिळत होती.

"मी काजं करत होते," ती म्हणाली.

तिथे ते प्रकरण मिटलं. बाईंनी वही काढली आणि ठरवून टाकलं, की मुखवटा काढायचा आणि आतून प्लंबर निघणार, लोकांना तेच हवंय. साडू घाबरला. मला यांच्यासारखं चालता येणार नाही, तो म्हणाला, माझे पाय बघा. बाई म्हणाल्या, चालायचं मास्तरांनीच, दारापर्यंत यायचं, तिथे थांबायचं, मग उभे तुम्ही राहायचं. मास्तरांनी होकार दिला. नाही म्हटलं असतं तर बाईंनी दुसऱ्या कुणाला तरी चालवलं असतं, आणि ती चाल दुसऱ्याच्या अंगावर बघणं त्यांना जमलं नसतं.

परतताना बायका पुढे होत्या आणि दोघे साडू मागे. मास्तरांनी विचारलं, का केलंत तुम्ही हे? "ताईंचं तोंड उतरलं होतं," साडू म्हणाला. ताई म्हणजे मास्तरांची बायको. त्याला एवढंच दिसलं होतं आणि तेवढंच त्याला पुरलं होतं. मास्तरांनी ते ऐकलं आणि त्यांच्या पोटातली कळ आणखी वर चढली. या माणसाचा राग करायला धड जागासुद्धा सापडत नव्हती.

तीन महिन्यांनी चित्रपट लागला. पहिल्याच दिवशी दुपारच्या खेळाला घरचे चौघे गेले. या वेळी मास्तरांनी पडदा बघितला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पापणी न लवता. शेवटच्या दृश्यात मुखवटेवाला बंगल्याबाहेरच्या लांबलचक ओट्यावरून चालत येतो. एक पाऊल, कानोसा, दुसरं पाऊल. थिएटरात कुणी खोकलंही नाही. दारात तो थांबतो, हात वर जातो, पट्टेरी कापड निघतं आणि आत साडू, तोच साधा, मोरीखालचा. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, चाल बघ त्या प्लंबरची, मला चालीवरूनच संशय आला होता.

साडू चटकन मागे वळला. मी नाही चाललो, तो म्हणाला, चालणारे हे आहेत, मी फक्त तोंड दाखवलंय. त्यानं मास्तरांकडे बोट केलं. मागची माणसं मास्तरांकडे बघून हसली आणि पुन्हा साडूकडे वळली. किती मोठं मन, एक बाई म्हणाली, यश मिळालं तरी घरच्यांना विसरत नाही.

खेळ सुटला. लोकांनी साडूला वाट करून दिली आणि तो नेहमीसारखा फताडे पाय टाकत, भराभर, खाली मान घालून दाराकडे निघाला. ती बाई मैत्रिणीला कोपरानं ढोसून म्हणाली, "बघ ना, खरा कसा चालतो आणि पडद्यावर कसा चालला. ओळखू तरी येतो का? याला म्हणतात नट."

मास्तर तिच्या अगदी शेजारी होते. तीस वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो त्यांच्या कानावर पडला होता, त्यांच्याच पायांसाठी उच्चारला गेला होता, आणि बाईचं बोट साडूच्या पाठीकडे होतं. मास्तरांनी तोंड उघडलं. काय बोलायचं ते सगळं जिभेवर आलं. तेवढ्यात बाईचं त्यांच्याकडे लक्ष गेलं आणि ती ओळखीचं हसली.

"मास्तर, माझा कोट कधी मिळेल?"

"गुरुवारी," मास्तर म्हणाले.